गोळी, जेल की पट्टी? इस्ट्रोजेनच्या वाटा

लातूरला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात 'संप्रेरके' या घटकावर बोलायला आम्ही गेलो होतो. थायरॉइड झाले, इन्सुलिन झाले, फळ्यावर पीयूष ग्रंथीची आकृती काढून झाली. चहाच्या सुट्टीत मंडळी बाहेर गेली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या बाई मागे थांबल्या. थोडे इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारले, "माझ्या नणंदेची पिशवी काढली आहे. वय बत्तीस. आता अंगातून वाफा निघतात म्हणते, रात्र रात्र झोप नाही. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या ती घेत होती. आता दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करून ट्यूबमधलं जेल दिलंय, दंडाला लावायला. घरात सगळे म्हणतात, वरून लावून आतलं दुखणं कसं बरं होईल? ट्यूब तशीच पडून आहे. औषध तर एकच आहे ना? मग गोळी काय आणि जेल काय, फरक काय पडतो?"

त्या दिवशी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत चांगला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांला त्या पाच मिनिटांत धड देता आले नाही. फरक पडतो, एवढेच सांगता आले. रेणू तोच असला, तरी तो कोणत्या वाटेने शरीरात शिरतो यावर शरीर त्याचे काय करते हे ठरते. इस्ट्रोजेनच्या बाबतीत तर वाट ही जवळजवळ औषधाइतकीच महत्त्वाची आहे. ते कसे, हे जरा सावकाश पाहू.

पण त्याआधी 'पिशवी काढली' या शब्दांकडे पाहायला हवे. मराठवाड्यात हे शब्द आपण इतक्या सहजपणे ऐकतो, की त्यात नेमके काय काढले हे विचारायचे राहून जाते. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्या सारख्या पद्धतीने झालेल्या नाहीत, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवताना जपून राहावे. तरी अंतर एवढे मोठे आहे, की ते नुसत्या पद्धतीच्या फरकाने भरून निघणार नाही. कारणेही तेव्हा पुढे आली: नवराबायकोचा मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर पडणारा खाडा, कोपीवर ना पाणी ना संडास. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे यांसारख्या, बऱ्याचदा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही थेट शस्त्रक्रिया झाल्या. कोयता घेऊन जाणारी कुटुंबे केवळ बीडची नाहीत. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावे आणि तांडे लातूर-नांदेडकडेही आहेत. आपल्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात ती याचमुळे, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

आता शरीरशास्त्राचा मुद्दा. गर्भाशय काढले की पाळी थांबते. परंतु पाळी थांबणे म्हणजे संप्रेरक थांबणे नव्हे. इस्ट्रोजेन गर्भाशयात तयार होत नाही, ते अंडाशयांत तयार होते. अंडाशये जागेवर असतील तर नुसती पिशवी काढलेल्या स्त्रीच्या रक्तात इस्ट्रोजेन येतच राहते. फार तर अंडाशयांचे काम काही वर्षे लवकर संपते. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीत जे काही वर्षांत हळूहळू घडते ते दोन-चार दिवसांत घडते. भारतात पाळी नैसर्गिकपणे जाण्याचे सरासरी वय ४६-४७ आहे. बत्तिसाव्या वर्षी अंडाशये गेली म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे इस्ट्रोजेन गेले.

घरात अशी कोणी असेल तर पहिले काम एकच, रुग्णालयातून घरी सोडताना दिलेले कार्ड शोधून काढणे. त्यावर इंग्रजीत बहुधा तीन-तीन अक्षरांचे संक्षेप असतात. 'टी.ए.एच.' म्हणजे पोट उघडून काढलेले गर्भाशय. त्यापुढे 'बी.एस.ओ.' असेल तर दोन्ही बाजूंच्या नलिका आणि अंडाशये काढली आहेत. 'बी.एस.ओ.'च्या जागी 'यू.एस.ओ.' असेल तर एकच बाजू. ही तीन अक्षरे बाईच्या पुढच्या पंधरा वर्षांच्या प्रकृतीबद्दल बरेच काही सांगतात, आणि बहुतेक वेळा ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी किंवा पावसात भिजून गेलेले असते. राष्ट्रीय पाहणीच्या प्रश्नावलीतही पिशवी काढली का हे विचारतात, अंडाशयांचे काय झाले हे विचारत नाहीत. आम्हांला हे मोठे उणे वाटते.

अंगातून वाफा येणे आणि झोप उडणे हे त्रास डोळ्यांना दिसतात. न दिसणारे त्रास पुढे येतात. हाडे ही विटांची भिंत नव्हे. तिथे जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या पेशींची कायम उलाढाल चालू असते, आणि खाणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. तो आवर सुटला की पहिल्या काही वर्षांत हाडांचा दोन-तीन टक्के भाग दरवर्षी घटू शकतो. ज्या बाईला डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढायचे आहे, तिच्या मणक्यांना हे परवडणारे नाही. लहान वयात दोन्ही अंडाशये गेलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकार आणि उतारवयातला स्मृतिभ्रंश यांचेही प्रमाण जास्त आढळले आहे. म्हणून अशा स्त्रियांना, विशेष अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असा रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला असतो. येथे औषध म्हणजे काही जादा घालणे नसून गेलेले परत करणे आहे. थायरॉइड बंद पडलेल्या माणसाला थायरॉक्सिनची गोळी देतात, तसेच.

परत करायचे ते किती? रक्तात इस्ट्रॅडिओल (अंडाशयात तयार होणारे मुख्य इस्ट्रोजेन) पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी दहावा हिस्सा नव्हे, तर एकावर बारा शून्ये इतक्या भागांपैकी एक भाग. शून्ये मोजून कल्पना येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना हे गणित घालावे. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या रक्तात चक्राच्या सुरुवातीला मिलिलिटरमागे ४० पिकोग्रॅम इस्ट्रॅडिओल असते असे धरू. तेवढ्याच तीव्रतेचे द्रावण करायला एक ग्रॅम इस्ट्रॅडिओल किती पाण्यात कालवावे लागेल? उत्तर येते अडीच कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत अडीच हजार टँकर! मराठवाड्यातल्या मुलांना टँकरचा हिशोब शिकवावा लागत नाही. अडीच हजार टँकरमध्ये एक ग्रॅम एवढ्याशा औषधावर बाईची हाडे, झोप आणि रक्तवाहिन्या अवलंबून असतात.

मात्रा इतकी कमी असल्यामुळे औषध देणे सोपे असावे, असे वाटेल. तसे झाले नाही. १९२९ साली जर्मनीत बुटेनान्ट आणि अमेरिकेत डॉइसी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे डॉइसींच्या गटाने डुकरिणींच्या सुमारे चार टन अंडाशयांवर प्रक्रिया करून इस्ट्रॅडिओलचे काही मिलिग्रॅम मिळवले. रेणू हाती आला. पण तो तोंडाने दिला तर परिणाम फारच थोडा. टोचला तर भरपूर. गिळलेले औषध जात होते कुठे?

याचे उत्तर शरीराच्या नकाशात आहे. जठर आणि आतडे यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे आणि बाहेरून येणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबे, तसे आतड्यातून येणाऱ्या प्रत्येक पदार्थाला यकृताच्या नाक्यावर थांबावे लागते. विषारी पदार्थ परस्पर शहरात घुसू नयेत म्हणून ही योजना मोलाचीच आहे. पण नाकेदार औषध आणि विष असा भेद करीत नाही. आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली विकरे इस्ट्रॅडिओलच्या सतराव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाचे ऑक्सिडीकरण करून त्याचे इस्ट्रोन बनवतात, त्याला सल्फेट जोडतात. इस्ट्रोन हे इस्ट्रोजेनच, पण बरेच दुबळे. गिळलेल्या इस्ट्रॅडिओलपैकी जेमतेम पाच टक्के त्याच रूपात नाक्यापलीकडे पोचते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, नाक्यावर जास्त माल पाठवणे. आजची इस्ट्रॅडिओलची गोळी हाच उपाय आहे. हा रेणू पाण्यात फारच कमी विरघळतो, म्हणून त्याची अतिशय बारीक भुकटी करतात किंवा त्याला व्हॅलेरिक आम्ल जोडून इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट करतात. शरीरात शिरताच हे शेपूट तुटते आणि इस्ट्रॅडिओल मोकळे होते. घोडीच्या लघवीतून काढलेल्या इस्ट्रोजेन मिश्रणाची गोळी १९४२ साली अमेरिकेत बाजारात आली. तीही आपल्याकडे मिळते.

दुसरा उपाय जास्त चतुर होता. १९३८ साली बर्लिनमध्ये इनहॉफेन आणि होलवेग यांनी त्याच सतराव्या कार्बनवर दोन कार्बनांचा एथिनिल गट बसवला. जिथे विकर हात घालते तिथेच पाचर! एथिनिल इस्ट्रॅडिओल यकृतातून जवळजवळ बिनबोभाट पुढे जाते, म्हणून त्याची फारच थोडी मात्रा पुरते. माला-डी किंवा माला-एन या गोळीत ते फक्त ०.०३ मिलिग्रॅम असते. गर्भनिरोधक गोळी शक्य झाली ती या पाचरीमुळे. परंतु जे विकरांना मोडता येत नाही ते यकृतात पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि तिथले काम बिघडवत राहते.

हे बिघडणे म्हणजे काय, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. यकृत नुसता नाका नाही, तो कारखानाही आहे. रक्त गोठवणारी प्रथिने, रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतले पहिले प्रथिन, संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन, ट्रायग्लिसराइड हे मेद, असे पुष्कळ काही तिथे बनते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींचे उत्पादन इस्ट्रोजेनच्या इशाऱ्याने वाढते. गोळी गिळल्यावर उरलेल्या शरीराला जी तीव्रता मिळते, तिच्या कित्येक पट तीव्रता पहिल्या फेरीत यकृताला सोसावी लागते. दंडाला किंवा मांडीला पाच टक्के पोचावेत म्हणून यकृतावर शंभर टक्के ओतायचे, असा हा व्यवहार आहे. त्या ओझ्याखाली रक्त गोठवणारी प्रथिने वाढतात आणि गोठणे रोखणारी काही प्रथिने कमी होतात. म्हणून पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा आणि ती तुटून फुप्फुसात जाण्याचा धोका थोडा वाढतो.

आता निसर्गाने काय केले आहे ते पाहा. अंडाशयाची शीर पोर्टल शिरेला मिळत नाही. ती थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या जाळ्यात जाते. म्हणजे अंडाशयातले इस्ट्रोजेन आधी सगळ्या शरीरभर विरळ होते, आणि मग इतर अवयवांप्रमाणेच यकृताच्याही वाट्याला येते. नाक्यावरून मालाचा ताफा जात नाही. रक्तातले प्रमाणही वेगळे असते: अंडाशये काम करीत असताना इस्ट्रॅडिओल आणि इस्ट्रोन साधारण बरोबरीने किंवा इस्ट्रॅडिओल जास्त, तर गोळी घेतल्यावर इस्ट्रोन इस्ट्रॅडिओलच्या काही पट, बऱ्याचदा चार-पाच पट. अंडाशयाची नक्कल करायची तर औषध पोटातून न देता यकृताला वळसा घालून द्यायला हवे.

वळसा घालणारी सर्वांत सोपी वाट म्हणजे त्वचा. सगळीच औषधे त्वचेतून जात नाहीत. रेणू लहान हवा (साधारण ५०० डाल्टनच्या आत), तो मेदात विरघळणारा हवा, आणि मात्रा अगदी थोडी लागणारी हवी. इस्ट्रॅडिओलचे रेणुवस्तुमान २७२. तिन्ही अटी पुऱ्या होतात. इन्सुलिनचे सुमारे ५८००, म्हणून मधुमेह्यांना जेल लावून भागत नाही. बाईंच्या घरच्यांचा संशय येथे सुटायला हरकत नाही. जेल हे वरवरचे मलम नाही. दंडाची कातडी ही फक्त दार आहे. त्या दारातून औषध केशवाहिन्यांत आणि तिथून सगळ्या अंगभर जाते.

त्वचेवाटे द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. एक पट्टी, जी अमेरिकेत १९८६ साली वापरात आली. ती चिकटपट्टीसारखी बेंबीखाली किंवा कुल्ल्यावर लावतात आणि प्रकारानुसार आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलतात. पट्टीवर लिहिलेला आकडा पाहण्यासारखा असतो: दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. साधारण तेवढ्याच परिणामासाठी गोळीत १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम लागतात. वीस पटींचा फरक, म्हणजे वर आलेले पाच टक्केच! विद्यार्थ्यांना ही दोन टोके जुळवायला सांगावीत. दुसरी तऱ्हा म्हणजे स्पिरिटयुक्त जेल. ते रोज एका ठरावीक मापाने दंडावर किंवा मांडीवर पसरून वाळू द्यायचे. लावलेल्यापैकी दहावा हिस्सा आत जातो, पण तो कातडीच्या वरच्या थरात साठून दिवसभर हळूहळू झिरपतो. ठिबक सिंचन ज्यांनी पाहिले आहे त्यांना आणखी काही सांगायला नको.

आपल्याकडच्या हवामानात आणि घरात या दोन्हींचे काही व्यवहार पाळावे लागतात. मे महिन्यात लातूरच्या उन्हात घामाने पट्टी सुटते. पट्टीवर थेट ऊन किंवा शेक लागला तर औषध जास्त वेगाने बाहेर पडते. पट्टी तालुक्याच्या दुकानात सहजी मिळणारी वस्तूही नव्हे, म्हणून येथे जेलच जास्त सोयीचे. पण जेल वाळेपर्यंत पेट घेऊ शकते. चुलीशी बसण्याआधी लावले असेल तर पूर्ण वाळू द्यावे. हे सांगणारी माहिती खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत असते आणि चूल पेटवणारी बाई ती वाचत नाही. लावल्यावर हात धुवावेत. लावलेल्या जागी लगेच पाणी घेऊ नये आणि लहान मूल त्या दंडावर झोपवू नये, कारण त्याच्याही कातडीतून औषध आत जाऊ शकते. स्तनांवर जेल किंवा पट्टी लावत नाहीत.

यकृताला वळसा घातल्याने गुठळ्या खरोखर कमी होतात का? तर्क चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी गुठळी झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली. इस्ट्रोजेन न घेणाऱ्यांच्या मानाने गोळी घेणाऱ्यांत धोका सुमारे साडेतीन पट, तर त्वचेवाटे घेणाऱ्यांत वाढलेला दिसला नाही. २०१९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींवरून गुठळी झालेल्या ऐंशी हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे गोळीने धोका दीडपटीच्या थोडा वर, त्वचेवाटे पुन्हा वाढ नाही. आकडे वेगळे, दिशा एकच. मात्र हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जणींना गोळी आणि अर्ध्या जणींना जेल असे मोठे प्रयोग करून गुठळ्या मोजलेल्या नाहीत. ज्यांना आधीच धोका आहे त्यांना डॉक्टर जेल देत असतील, तर जेलचा गुण खरे तर कमीच दिसेल. त्यामुळे आम्हांला हा पुरावा विश्वासार्ह वाटतो. आणि एक सांगायलाच हवे: पन्नाशीच्या हजार स्त्रियांमध्ये वर्षाला एक-दोघींना अशी गुठळी होते. दीडपट, दुप्पट म्हणजे आणखी एकीला किंवा दोघींना. सडपातळ, निरोगी, तरुण बाईसाठी गोळी हे काही विष नव्हे. ती बहुधा जेलपेक्षा स्वस्त असते, घ्यायला सोपी असते, आणि यकृतावरच्या परिणामातून तिचा एक फायदाही होतो: वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल थोडे उतरते. परंतु लठ्ठपणा, वाढलेला रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड, पित्ताशयातले खडे, घरात कोणाला गुठळी झालेली, यांपैकी काही असेल तर त्वचेची वाट बरी, याबद्दल आता फारसा वाद नाही.

वळशाचे हे तत्त्व एथिनिल इस्ट्रॅडिओलला लागू पडत नाही. ते कोणत्याही दाराने आत आले तरी यकृतात न मोडता फिरत राहते, त्यामुळे त्याची पट्टी केली तरी यकृतावरचा परिणाम टळत नाही. याचा मोठा धडा हॉलंडमध्ये मिळाला. ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठ रुग्णालयात पारलिंगी स्त्रियांना (जन्मतः पुरुष नोंदलेल्या, स्त्री म्हणून जगणाऱ्या) या रेणूच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या जात. तिथल्या डॉक्टरांनी १९८९ आणि १९९७ साली आपल्याच रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या कित्येक पट निघाले. चाळिशीपुढच्यांना त्वचेवाटे इस्ट्रॅडिओल देऊ लागल्यावर ते खूपच उतरले. आपल्याकडेही पारलिंगी समाजातल्या अनेकजणी, डॉक्टरांकडे नीट वागणूक मिळत नाही म्हणून, दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतात, त्याही एकापेक्षा जास्त. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. अंडाशये काढलेल्या बाईलाही शेजारणीने 'यातही तेच असतं' म्हणून मालाची गोळी दिली, तर ते 'तेच' नसते.

इंजेक्शनबद्दल थोडे. इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट तेलात विरघळवून स्नायूत टोचले की तिथे साठा होतो आणि तो हळूहळू रक्तात येतो. यकृताचा नाका चुकतो, पण पुरवठा समान राहत नाही. पहिल्या काही दिवसांत पातळी शिगेला आणि पुढच्या सुईच्या आधी तळाला. आठ-पंधरा दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावातल्या टाकीसारखे. पाणी तेवढेच, पण पहिल्या दिवशी अंगण धुतात आणि शेवटच्या दिवशी घसा कोरडा. कातडीखाली बसवायच्या गुलिकाही असतात. आपल्याकडे त्यांचा फारसा संबंध येत नाही.

योनीत लावायचे क्रीम ही मात्र वेगळीच गोष्ट आहे आणि दोन्ही ट्यूबच असल्याने घोटाळा होतो. इस्ट्रोजेन गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होतो. त्यासाठी इस्ट्रिऑलसारखे सौम्य इस्ट्रोजेन जागच्या जागी, अगदी कमी मात्रेत लावतात. त्यातले रक्तात फारच थोडे जाते. म्हणून ते बहुतेकींना सुरक्षित, पण म्हणूनच त्याने वाफा थांबत नाहीत आणि हाडेही वाचत नाहीत. शेताच्या एका कोपऱ्यात झारीने पाणी घालण्यासारखे ते आहे.

इस्ट्रोजेन म्हटले की कर्करोगाचे भय निघते. १९७५ साली अमेरिकेत दिसून आले, की गर्भाशय असलेल्या स्त्रीला एकटे इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून अशा स्त्रियांना सोबत प्रोजेस्टोजेन देतात. वाट गोळीची असो की जेलची, हा नियम बदलत नाही. पिशवी काढलेल्या स्त्रीला अर्थातच त्याची सहसा गरज नसते. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्या प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. औषध घोडीच्या लघवीतले इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन, दोन्ही तोंडाने. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय नसलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, स्तनांचा कर्करोग वाढला नाही. त्रेसष्टीच्या बाईच्या प्रयोगावरून बत्तिशीच्या बाईचे औषध बंद करणे हे विज्ञान नव्हे. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर मात्र कोणत्याही वाटेने इस्ट्रोजेन सुरू करण्याआधी तज्ज्ञाचा विचार घ्यावाच लागतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तिथे स्त्रीरोग विभाग आहेत. चिठ्ठी आणि कार्ड घेऊन तिथे जाता येते.

शिबिरानंतर तीन आठवड्यांनी बाईंचे पाकीट आले. आत कार्डाची झेरॉक्स होती. टी.ए.एच.च्या पुढे बी.एस.ओ. अशी अक्षरे स्पष्ट दिसत होती. ती आधी घरात कोणी वाचली नव्हती. सोबत दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. तीत वजन आणि रक्तदाब लिहिलेला, दोन्ही जास्त, आणि खाली एक ओळ की थोरल्या बहिणीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती. गोळी का बंद केली ते त्या ओळीतच होते, पण ते बाईच्या नणंदेला कोणी बोलून सांगितले नव्हते. पाकिटात एक छोटी चिठ्ठीही होती: ट्यूब उघडली आहे, रोज संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर लावते. पहिल्या आठवड्यात काहीच फरक वाटला नाही, म्हणून सासूबाई पुन्हा बोलू लागल्या आहेत. किती दिवस वाट पाहायची?

वाफा कमी व्हायला बहुधा चार आठवडे तरी जातात, कधी आठ ते बारा. तसे आम्ही उलट टपाली कळवले आहे.